खुडूक कोंबडी आणि तिची यंत्रे

भगिनींनो, मंडळाला 25 वर्षे झाली म्हणून प्रत्येकीने काहीतरी लिहावे असे ठरले. मी सातवीपर्यंत शिकलेली. कविता मला येत नाही, आणि पाककृती मागच्या अंकात सर्वांनीच दिल्या. कोंबड्यांशी मात्र माझा जन्माचा संबंध. माहेरी चूल आणि खुराडे या दोन्हींत एक कुडाची भिंत होती, तेवढेच अंतर. म्हणून अंडी उबविण्याचा थोडा इतिहास सांगावा असे मनात आले. परदेशची माहिती माझ्या धाकट्या मुलीने वाचून दाखविली. ती पशुवैद्यकाचे शिक्षण घेते आहे. घरची हकीकत माझी स्वतःची आहे, आणि तीत एक गोष्ट अशी आहे की जी मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही. ती शेवटी येईल.

कोंबडी खुडूक झाली की काय होते हे आपल्याला नव्याने सांगावयास नको. अंडी घालणे थांबते, पिसे फुलतात, आवाज बदलतो, आणि हात घातला की ती चोच मारते. पोटाखालची पिसे गळून कातडी उघडी पडते. त्या उघड्या कातडीत रक्त खेळत असते, त्यामुळे अंड्याला थेट अंगाची ऊब मिळते. दहा-बारा अंडी ती सहज पोटाखाली घेते. दिवसातून एकदा दाणापाण्यापुरती उठते आणि पुन्हा येऊन बसते. बसल्या जागी चोचीने अंडी फिरवीत राहते. तशी फिरविली नाहीत तर आतला जीव कवचाच्या अस्तराला चिकटून मरतो. असे 21 दिवस. शेवटच्या दिवसांत आतून चिवचिव ऐकू येते आणि ही बाहेरून हलकेच साद घालते. हे मी कान लावून पुष्कळदा ऐकले आहे.

आता गंमत अशी की, माणसाला फार पूर्वीपासून वाटत आले, हे काम कोंबडीवाचून होईल काय? इजिप्त देशात अंडी उकिरड्याच्या उबेत पुरून पिले काढतात, असे ग्रीसच्या अॅरिस्टॉटलने सुमारे 2300 वर्षांपूर्वी लिहून ठेविले आहे. त्याने आणखी एक ऐकीव गोष्ट दिली आहे. सिराक्यूज गावच्या एका दारुड्याने आपल्या चटईखाली अंडी पुरली आणि पिले निघेपर्यंत तो वर बसून पीतच राहिला. मुलीने हे वाचले तेव्हा आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "बसायचं काम बापयाला तेवढ्यापुरतंच जमायचं!"

रोमची राणी लिव्हिया हिची गोष्ट मला अधिक आवडली. तिला पहिल्या खेपेस दिवस गेले, तेव्हा मुलगा होणार की मुलगी हे जाणण्यासाठी तिने एक अंडे आपल्या उराशी धरून उबविले. खाली ठेवावे लागले तर ते दाईच्या उराशी देई, म्हणजे ऊब तुटू नये. त्यातून नर पिलू निघाले, आणि तिला मुलगा झाला. तोच पुढे टायबेरियस बादशहा. प्लिनी नावाच्या ग्रंथकाराने हे नोंदविले आहे. शकुनाचे राहू द्या, पण ऊब तुटू द्यावयाची नाही ही अक्कल तिला होती. आणि मुलगाच हवा ही हौस दोन हजार वर्षांपूर्वीही होतीच म्हणावयाची.

खरे मोठे काम केले ते इजिप्तच्या खेड्यांतील लोकांनी. त्यांनी कच्च्या विटांच्या भट्ट्या बांधल्या. मध्ये एक बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक खोली दुमजली. खालच्या मजल्यावर हजारोंनी अंडी मांडावयाची आणि वरच्या मजल्यावर गवतकाड्या व शेणाच्या गोवऱ्या धुमसत ठेवावयाच्या. गोवऱ्या म्हणजे आपल्या शेणीच. धूर जावयास वर भोके. माणसे आत ये-जा करून अंडी हाताने फिरवीत. साधारण निम्मे दिवस गेले की आग विझवीत, कारण तोवर अंड्यांतील जीव मोठा होऊन त्यांची त्यांनाच ऊब पुरे. उष्णतामापक नव्हता. मग ऊब कशी कळे? अंडे पापणीला लावून! पापणीची कातडी अतिशय पातळ, तिला कमीजास्त लगेच समजते. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई आणि परक्याला सांगत नसत.

आपल्या पूर्वेला चीनमध्ये भाताचे तूस तापवून, त्याच्या थरांत अंडी ठेवून पिले काढीत. तूस ऊब धरून ठेवते हे शेतकऱ्याच्या घरात कोणालाही ठाऊक असते.

युरोपातल्या विद्वानांना इजिप्तच्या या भट्ट्यांचे फार नवल वाटे. 17 व्या शतकात ड्रेबेल नावाच्या डच माणसाने आपोआप आच कमीजास्त होणारी शेगडी केली. फ्रान्सच्या रेओम्यूरने जुनी पिंपे शेणखतात पुरून त्यांत अंडी उबविली आणि 1749 साली त्यावर ग्रंथ छापला. हा मोठा शास्त्रज्ञ, स्वतःच्या नावाचा उष्णतामापक काढलेला. परंतु साध्या शेतकऱ्याला तो कोठून परवडणार? म्हणून त्याने लोणी व चरबी भरलेली लहानशी बाटली सुचविली. ती पिंपात ठेवावयाची, आतले घट्ट पातळ झाले की ऊब बेताची आहे असे समजावयाचे. एवढा मोठा पंडित, पण स्वयंपाकघरात डोके चालवून गेला, याचे मला कौतुक वाटते.

पुढची हकीकत भराभर सांगते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेटालुमा गावी बाइस याने 1879 च्या सुमारास दिव्याच्या उष्णतेवर चालणारे, ऊब स्वतः सांभाळणारे यंत्र विकावयास काढले, आणि ते गाव अंड्यांचे आगर बनले. मग पंख्याने हवा खेळविणारी यंत्रे आली, 1922 साली विजेचे आले. पिलू अंड्यातून निघताना बलक पोटात घेऊन निघते, त्यामुळे दोन-तीन दिवस त्याला दाणापाणी लागत नाही. हे ध्यानात आल्यावर एका दिवसाची पिले खोक्यांत भरून आगगाडीने दूरदूर जाऊ लागली.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांत कुक्कुटपालन आले. परदेशी लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड या कोंबड्या आल्या. आपल्या राज्यात पुणे, नागपूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि कोल्हापूर येथे सरकारी अंडी उबवणी केंद्रे निघाली. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी हैदराबादेस व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि या धंद्याचे रूपच पालटले. अंडे गरिबाच्या ताटात आले ते यामुळे, हे मान्य केलेच पाहिजे.

पण एक गोष्ट झाली. खुडूक झालेली कोंबडी तेवढे दिवस अंडी देत नाही, म्हणजे धंद्याला तोटा. म्हणून ज्या खुडूक होत नाहीत त्याच कोंबड्या निवडून वंश वाढविला. लेगहॉर्न बहुधा खुडूक होत नाही. तिची अंडी यंत्र उबविते, तिला आई होणे ठाऊकच नाही. आपणही काही कमी नाही. खुडूक मोडावयाची म्हणून बिचारीला पाण्यात बुचकळून काढतो. पूर्वी घरच्या बाईच्या हातचा पैसा म्हणजे अंडी नि पिले. वहीपेन्सिल, बांगड्या, आजारपणात गोळ्या, सारे त्यावर निघे. आता पिले विकत आणावी लागतात.

म्हणून आपल्या बचत गटाने 50 अंड्यांचे विजेचे यंत्र घेतले आणि ते सांभाळावयास माझ्या घरी ठेविले, हे सर्वांना स्मरत असेल. 2019 च्या जुलै अखेरीस आपण 17 जणींनी गावठी अंडी दिली. प्रत्येकीने पेन्सिलीने आपली खूण केली. आठवड्याने बॅटरीच्या उजेडात पाहून दोन वांझ अंडी काढली, 48 राहिली. यंत्राचा काटा 37.5 वर आणि पाण्याची वाटी भरलेली. मी निर्धास्त होते. आणि ऑगस्टात महापूर आला.

वीज गेली तेव्हा पंधरावा दिवस होता. बाहेर पाऊस, खाली पांद बुडालेली, आणि यंत्र नुसती पेटी होऊन बसले. मी रडकुंडीस आले, कारण अंडी माझी एकटीची नव्हती. आत्याबाई उठल्या. त्यांनी एक अंडे उचलून पापणीला लावले आणि म्हणाल्या, "अजून जीव आहे, ऊठ." इजिप्तचे नावही त्यांनी तोवर ऐकलेले नव्हते. आमची एक आणि शेजारच्या अक्कांची एक, अशा दोन कोंबड्या नुकत्याच खुडूक झाल्या होत्या. त्यांच्याखाली अकरा-अकरा अंडी घातली. उरली 26. ती दुरडीत भाताच्या तुसात ठेवून, गरम पाण्याच्या बाटल्या आळीपाळीने लावीत आम्ही रात्री काढल्या. चुलीला वाळके सरपण नव्हते, तुम्ही कित्येकजणींनी आपल्या घरचे आणून दिले.

कोंबड्यांखालच्या 22 पैकी 19 पिले निघाली. दुरडीतल्या 26 पैकी पाच.

त्यानंतर कुजबूज झाली, ती माझ्या कानी आली होती. माझी सहा अंडी होती आणि सहाही कोंबडीखाली कशी गेली, असे कोणी म्हणाले. तेव्हा मी रागावून म्हटले होते, घाईत आणि अंधारात खुणा कोण पाहणार? भगिनींनो, खुणा दिसत होत्या. कंदील माझ्याच हातात होता. पहिली दोन हाताला लागली ती लागली, पुढची चार मी पाहून उचलली. आत्याबाईंनीही ते पाहिले, पण बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुरडीतली अंडी त्या एकट्याच फिरवीत बसल्या आणि मला हात लावू दिला नाही.

ज्यांची अंडी दुरडीत गेली त्यांची नावे मी वहीत लिहून ठेविली होती. मागच्या दोन हंगामांत त्यातील सात घरी जोडी-जोडीने पिले पोचविली, सहज दिली असे सांगून. ती का दिली ते आता कळले असेल. दोन घरे राहिली आहेत. आमची तांबडी परवा खुडूक झाली, तिच्याखाली अकरा अंडी घातली आहेत. यंत्रात यंदा काही ठेविलेले नाही. आत्याबाईंना आता नीट दिसत नाही, तरी रोज संध्याकाळी एक अंडे मागून घेतात आणि पापणीला लावून परत देतात.