दगड झालेलें अरण्य आणि माळढोक

जैसलमेरहून बाडमेरकडे जाणाऱ्या सडकेनें सुमारें १७ किलोमीटर गेलें कीं, आकल नांवाचें ठिकाण लागतें. चोहोंकडे उघडी, खडकाळ भूमि. सावलीपुरतें झाड मिळणेंहि कठीण. अशा जागीं मोठमोठे ओंडके आडवे पडलेले दिसतात. घडण लांकडाची, परंतु हात लावतांच कळतें कीं, हा दगड आहे.

सुमारें १८ कोटि वर्षांपूर्वीं, जुरासिक काळांत, येथें उष्ण व दमट हवेंत वाढलेलें अरण्य होतें. त्यांतील झाडें बिनफुलांचीं. तीं उन्मळून वाळूमातीखालीं गाडलीं गेलीं. पाण्यांत विरघळलेली सिलिका त्यांच्या पेशीपेशींत शिरली आणि लांकडाची जागा दगडानें घेतली. पुढें या प्रदेशावर समुद्र आला. त्यांतील जीवांचे अवशेष जैसलमेरच्या पिवळ्या दगडांत आजहि सांपडतात. समुद्रहि ओसरला. वाळवंट हें या भूमीचें अगदीं अलीकडचें रूप होय.

या वाळवंटांत १९८० सालीं ३,१६२ चौरस किलोमीटर भूमि ‘मरु राष्ट्रीय उद्यान’ म्हणून राखण्यांत आली. सेवण गवतांतून चिंकारा धांवतात, खोकड बिळांतून डोकावतें, आकाशांत गिधाडें फिरतात. परंतु प्रवाशाचे डोळे शोधीत असतात ते गोडावणाला. महाराष्ट्रांत यालाच माळढोक म्हणतात.

हा पक्षी दख्खनला परका नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तो येथें विपुल होता. एका गृहस्थानें सुमारें हजार माळढोक मारल्याची नोंद कर्नल साइक्स यांनीं केली आहे. पुढें माळ नांगराखालीं गेले. सोलापूरजवळ नान्नज येथें १९७९ सालीं अभयारण्य झालें, तरी आज तेथें त्याचें दर्शन दुर्मिळ आहे. रानांत उरलेले पक्षी दोनशेंच्या आंत असून त्यांतील बहुतेक जैसलमेर जिल्ह्यांतच आहेत.

तेथेंहि तो निर्धास्त नाहीं. मादी बहुधा एका वेळीं एकच अंडें घालते, तेंहि उघड्या जमिनीवर. पक्ष्याचें शरीर जड. समोरचें त्याला नीट दिसत नाहीं, म्हणून विजेच्या तारांवर आपटून तो मरतो. या तारांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ सालीं त्या जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला आणि २०२४ सालीं तो बदलून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोंपविण्यांत आला. सूर्यप्रकाशापासून मिळणारी वीजहि देशाला हवी आहे, ही त्यांतील खरी अडचण. दरम्यान २०१९ पासून रानांतील अंडीं उचलून, तीं उबवून पिलें वाढविण्याचा प्रयत्न जैसलमेरजवळ चालू आहे.

आकलचें अरण्य गाडलें गेलें म्हणूनच टिकलें. उघड्या माळावर पडलेल्या पक्ष्याचीं हाडें मात्र सहसा अश्मीभूत होत नाहींत. माळढोक गेला, तर त्याची दगडी खूणहि बहुधा मागें राहणार नाहीं.