पहिल्या ओळीची कुळकथा

रायगडचे 15 तालुके अकारविल्हे लिहिले तर अलिबाग पहिला, उरण दुसरा, मग कर्जत आणि चौथा खालापूर. तीच यादी इंग्रजीत केली की उरण थेट पंधरावा. लोधिवली हे गाव ज्या तालुक्यात आहे, ते खालापूर दोन्हीकडे वरच राहतं. गावाच्या नावाला मात्र हे भाग्य नाही; ल हे अठ्ठाविसावं व्यंजन. तिथल्या धीरूभाई अंबानी रुग्णालयाला इंग्रजीत चौथं अक्षर मिळतं, मराठीत ध म्हणजे एकोणिसावं व्यंजन.

अकारविल्हे यादी सगळ्यांना सारखी वागवते, असा आपला समज. पण ती आडनावाला किंवा गावाला फुकटची जागा देते, आणि फुकटच्या जागेवर डोळा ठेवणारे लगेच तयार होतात.

अमेरिकेत टेलिफोनबरोबर धंदेवार याद्यांची ‘पिवळी पानं’ वाढली. नळ फुटलेला माणूस पूर्ण यादी वाचत बसत नाही, वरून फोन लावत जातो. म्हणून ‘एएए’, ‘ए वन’, ‘ॲक्मी’ अशी नावं तिथे उदंड झाली. 1976 मध्ये ‘ॲपल’ हे नाव निवडताना ते यादीत ‘अटारी’च्या आधी येतं, हाही विचार होता, असं स्टीव्ह जॉब्सने पुढे सांगितलं.

1994 मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी संकेतस्थळांची सूची सुरू केली, तीच ‘याहू’. त्याच काळात जेफ बेझोसने ‘कॅडाब्रा’ हे नाव टाकून ‘ॲमेझॉन’ घेतलं, कारण अशा याद्यांत ए वर असे. आपल्याकडे मुंबईच्या राजेश जैन यांच्या ‘इंडियावर्ल्ड’ची ‘खोज’ ही सूची होती. 1999 मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड 499 कोटींना विकत घेतली.

मग ए सुद्धा पुरेना. संगणकाच्या संकेतांकांत अंक अक्षरांच्या आधी आणि उद्गारचिन्ह अंकांच्याही आधी येतं, हे कळल्यावर नावांपुढे 1 आणि ! चिकटू लागले. ‘डीमॉझ’ या सूचीचे संपादक संस्थेचं खरं नावच शीर्षक म्हणून घेत, ते याच रोगावर औषध होतं. पुढे गूगलने दुव्यांवरून क्रम लावला आणि या युक्तीचं मोल ओसरलं. डीमॉझ 2017 मध्ये बंद झालं.

देवनागरीत ही युक्ती उलटते, आणि मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. युनिकोड या संकेतांक-पद्धतीत देवनागरी अंक ह नंतर येतात, आणि ॲ त्यांच्याही नंतर. नुसत्या संकेतांकांवर यादी लावली तर वर बसायला ‘ॲपेक्स’ नाव घेतलेलं दुकान ‘हॉटेल’च्या खाली पडतं, आणि क्षीरसागर क च्या ओळीत शिरतात. म्हणून तालुक्यातल्या दवाखान्यांची, दुकानांची मराठी यादी करताना मराठीचेच क्रमनियम लावायला हवेत. त्यांत ॲ स्वरांमध्ये बसतो. ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. इंग्रजी क्रम लावून तालुक्यांची नावं फक्त मराठीत छापली, तर उरणकर आपला तालुका वर शोधत राहतील आणि तो सापडेल अगदी तळाशी.