जलसा पाहिलेली माणसे

नाशिक जिल्ह्यातील सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या गृहस्थाला, "तुम्ही वामनदादांना प्रत्यक्ष पाहिले होते काय?" असे विचारून पाहावे. तो गाण्याविषयी लगेच बोलत नाही. आपण किती कोस चालत गेलो, ते तो आधी सांगतो. सोबत कोण होते, ओढ्याला पाणी होते की नव्हते, भाकरी कशात बांधून नेली होती, परतताना कोणाची चप्पल हरवली, हे सारे क्रमाने येते. गाणे येते ते शेवटी; आणि आले म्हणजे तो ते सांगत नाही, म्हणू लागतो.

आमच्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांकडून अशा हकिगती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शाहिरांवर ग्रंथ झाले, त्यांच्या गीतांचे संग्रह निघाले, त्यांच्या नावाने संमेलने भरली. हे योग्यच झाले. परंतु ज्या माणसांनी रात्र-रात्र जमिनीवर बसून ही गाणी ऐकली आणि पहाटे ती घरी नेली, त्यांना या ग्रंथांत एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळालेली आम्हांस आढळली नाही. जलशाचा निम्मा इतिहास या ऐकणाऱ्यांचा आहे, असे आमचे मत आहे. तो निम्मा भाग आता झपाट्याने स्मशानात व कबरस्थानात जात आहे.

या इतिहासाचा आरंभ कोठून धरावा? जलसा हा प्रकार नाशिकचा नव्हे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचाच साचा घेऊन त्यातून समाजप्रबोधनाचे जलसे उभे केले. मात्र नाशिकपुरते बोलायचे तर २ मार्च १९३० हा दिवस विसरून चालणार नाही. त्या दिवशी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुष नाशकात जमले आणि सुमारे मैलभर लांबीची मिरवणूक शहरातून निघाली. या मिरवणुकीच्या अग्रभागी एक बँड होता. तो भाड्याने आणलेला वरातीचा बँड नव्हे. लष्करी सुरावटींची माहिती असलेल्या महार मंडळींचा तो बँड होता. त्यामागे स्काऊट, त्यामागे शेकडो स्त्रिया, आणि त्यांच्या मागे चार-चारांच्या रांगांनी चालणारे पुरुष. ज्या समाजाला वाद्य वाजवायचे ते दुसऱ्याच्या दारी, दुसऱ्याच्या लग्नात आणि दुसऱ्याच्या देवापुढे, एवढेच ठाऊक होते, त्या समाजाने आपल्याच लोकांसाठी आपलेच वाद्य वाजताना त्या दिवशी ऐकले. मंदिराचे दरवाजे बंदच राहिले. तो लढा दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षे नेटाने चालविला.

याच मातीत नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा जन्मास आला. त्याचे प्रमुख भीमराव कर्डक हे निफाड तालुक्यातील कसबे सुकेण्याचे. पुढे १९७८ साली त्यांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या ग्रंथात या चळवळीची हकिगत स्वतःच लिहून ठेवली, हे आपले भाग्यच म्हणावयाचे. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा यांचे मोल सारखेच आहे, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याची आठवण जुने कार्यकर्ते अभिमानाने सांगत असत. पण जलसा सभेच्या तोडीचा का व्हावा? गोड गळ्याचे गायक तर तमाशातही होते.

याचे उत्तर आम्हांस आमच्या आजोबांच्या पिढीने जे सांगितले, त्यात सापडते. जलसा येणार ही वार्ता आठवड्याच्या बाजारात कळे. फडाची माणसे दिवस मावळता बैलगाडीतून किंवा पायीच येत; ढोलकी, डफ, तुणतुणे, झांजा आणि असलीच तर बाजाची पेटी, एवढाच त्यांचा सरंजाम. जागा बहुधा गावकुसाबाहेरची, चावडीपुढची किंवा एखाद्या खळ्यातली. गॅसबत्तीला पंप मारण्याचा मान मिळावा म्हणून पोरांत भांडणे होत. पुढे पोरे, मग घोंगड्या टाकून पुरुष, आणि बाजूच्या ओट्यांवर किंवा पुरुषांच्या मागे स्त्रिया. गावातील वरच्या आळीची काही मंडळी अंधारात, लांब, झाडाखाली उभी असत. ती ऐकावयास आली आहेत की नजर ठेवावयास, हे कोणास सांगता येत नसे. आजोबा म्हणत की काही वेळाने तीही बसून घेत.

प्रारंभी गण होई, परंतु तमाशातील गणपतीचे स्तवन येथे नसे. त्याच्या जागी समाजाच्या उद्धारकांना वंदन असे. गवळणीतील शृंगार गेलेला. नाचणारी स्त्री नाही. स्त्रीची भूमिका आली तर ती पुरुषच लुगडे नेसून करी. मग सुरू होई वग किंवा फार्स. विषय काय? मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडावे, मुलांना शाळेत घालावे, सावकाराच्या कागदावर न समजता अंगठा उठवू नये, देवऋषीच्या नादी लागून कर्ज करू नये. हे सारे सभेतही सांगितले जात होते. पण सभेत वक्ता बोलतो आणि श्रोता ऐकतो. श्रोत्याच्या मनातली शंका मनातच राहते. जलशात ती शंका सोंगाड्या बोलून दाखवी. "पोरगं शाळेत घातलं तर मग ढोरं कोण राखणार?" हा प्रश्न प्रेक्षकांतील प्रत्येक बापाच्या ओठावर असे; तो सोंगाड्याने विचारला की सगळे खळे हसे. हसता हसता प्रत्येकाला आपणच पकडले गेलो असे वाटे. मग शाहीर त्याला उत्तर देई, सोंगाड्या पुन्हा उलटून बोले, आणि असा तो वाद रात्रभर चाले. अक्षरशत्रू माणसाच्या मनातील आक्षेपाला इतक्या आदराने उत्तर देणारे दुसरे साधन त्या काळी आमच्या खेड्यांत नव्हते. फादरांचे प्रवचनही याला अपवाद नव्हते, असे म्हटल्यास वाचकांनी राग मानू नये.

जलशाचा फड हळूहळू मागे पडला आणि गायन पार्टीचा काळ आला. त्या काळाचे आमच्या जिल्ह्यातील सर्वांत मोठे नाव वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. पोट भरण्यासाठी मुंबईस गेले, गिरणीत आणि मिळेल तेथे कष्ट केले. त्यांच्या साक्षरतेची गोष्ट सर्वश्रुत आहे. चाळीतील कोणीतरी एक पत्र वाचून घेण्यासाठी त्यांच्याकडे आले आणि आपल्याला वाचता येत नाही याची त्यांना विलक्षण खंत वाटली. मग त्यांनी एका शिक्षकाकडून अक्षरे गिरवून घेतली आणि दुकानांवरच्या पाट्या वाचत-वाचत जोडाक्षरांपर्यंत मजल मारली. १९४३ साली त्यांनी पहिले गीत लिहिले. पुढील साठ वर्षांत त्यांच्या गीतांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली असे मानले जाते. 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह निघाले, चित्रपटांसाठीही त्यांनी गाणी लिहिली. परंतु छापील पानावर आले ते त्यांच्या गाण्याच्या मानाने थोडेच.

मग बाकीची गाणी राहिली कोठे? ती श्रोत्यांच्या वह्यांत राहिली. कार्यक्रमास जाताना चार-पाच तरुणांत एकाकडे तरी शंभर पानी वही आणि पेन्सिल असे. एकाने ध्रुपद लक्षात ठेवायचे, दुसऱ्याने पहिले कडवे, तिसऱ्याने दुसरे. वाटेने ती जुळवायची आणि घरी पोहोचताच कंदिलाच्या उजेडात उतरवून काढायची, अशी वाटणी झालेली असे. हे साधे कारण म्हणजे चाल. वामनदादांची अनेक गीते लोकांच्या कानात आधीच बसलेल्या चालींवर, पुष्कळदा गाजलेल्या चित्रपटगीतांच्या धर्तीवर, बांधलेली असत. चाल श्रोत्यापाशी होतीच. त्याला फक्त शब्द घ्यावयाचे होते. त्यामुळे आज ऐकलेले गाणे उद्या शेतात निंदणीच्या पातीवर येई. ही युक्ती ख्रिस्ती वाचकांस अपरिचित नाही. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओवी यांच्या परिचित वाटेनेच ख्रिस्तकथा मराठी कानांपर्यंत नेली होती.

वामनदादांना पाहिलेल्या माणसांच्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते. हा माणूस व्यासपीठावर चढेपर्यंत ओळखू येत नसे. खालीच, लोकांतच बसलेला, कोणाच्या तरी घरची भाकरी खाल्लेला, साध्या कपड्यांतला. मग त्याचे नाव पुकारले जाई आणि शेजारी बसलेलाच उठून वर जाई. आमचे एक नातलग सांगत की, आपण ज्याच्याकडे तंबाखूला चुना मागितला तेच वामनदादा निघाले. अशी गोष्ट सांगणारे आम्हांस निरनिराळ्या गावांत आणखी दोघे भेटले. तिघांचीही खरी असेल काय, याची चौकशी आम्ही केली नाही. आपल्या तालुक्यातील, आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारखाच निरक्षर म्हणून वाढलेला माणूस गाण्यातून विचार सांगतो, हे पाहण्यासाठीच लोक जात होते; चुन्याची गोष्ट ही त्या पाहण्याचीच साक्ष आहे.

मुंबईतील चाळींत या गायनाने वेगळे रूप घेतले. तेथे कव्वालीच्या धर्तीवर दोन पार्ट्यांचे सामने रंगत. एकाने सवाल टाकावा, दुसऱ्याने जागच्या जागी जवाब रचावा. श्रोते दोन तट पाडून बसत, आवडलेल्या ओळीला नोट नाचवीत पुढे जात, आणि ती ओळ पुन्हा-पुन्हा म्हणवून घेत. विठ्ठल उमप यांच्यासारखे थोर गायक याच हवेत वाढले. उमपांनी तर २०१० साली नागपुरात व्यासपीठावरच देह ठेवला. पुढे कॅसेट आली. तिने ही गाणी घरोघर नेली खरी; पण कॅसेटला सवाल टाकता येत नाही, आणि ओळ आवडली तरी तिला नोट दाखविता येत नाही. आमच्या पिढीने बहुतेक गाणी कॅसेटवरच ऐकली. त्यामुळे वडीलधारी माणसे "तुम्ही ऐकलं, पाहिलं नाही" असे आम्हांस म्हणत, त्यात तथ्य होते.

आता थोडे आपल्याविषयी. या श्रोत्यांमध्ये ख्रिस्ती माणसे होती काय? होती. सिन्नर, निफाड, संगमनेर या बाजूच्या अनेक वस्त्यांत एकाच भावकीतील एक घर मिशनकडे गेलेले आणि दुसरे १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बौद्ध झालेले असे आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने आणि त्यात १९९० साली बौद्धांसाठी झालेल्या दुरुस्तीने या दोन घरांची कागदोपत्री वाट वेगळी केली. घोंगडीवर मात्र ती वेगळी नव्हती. आमच्यापैकी पुष्कळांचे वाडवडील सायंकाळच्या प्रार्थनेनंतर जलशास गेले आहेत. भजनी मंडळातील आमचे ढोलकीवाले त्या फडातील ठेके शिकून आले आणि तेच ठेके नाताळच्या गाण्यांना लागले, हे आमच्या वस्तीत सर्वांना ठाऊक होते.

तरीही धर्मग्रामांच्या ज्या स्मरणिका आम्ही चाळल्या, त्यांत याचा उल्लेख मिळाला नाही. तेथे चर्चच्या इमारतीची कोनशिला कोणी बसविली हे असते, शाळेची पटसंख्या असते, फादरांच्या बदल्या असतात. जलशास जाणे हे आपल्या लोकांना शोभणारे नव्हे, असे काही मास्तर लोक उघड म्हणत. आमच्या घरी गाण्यांची एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, अर्धी भजनांची आणि उलट्या बाजूने अर्धी जलशाच्या गाण्यांची. १९७० च्या सुमारास घरातील एका वडीलधाऱ्याने "ही आपली नव्हेत" म्हणून मागची अर्धी पाने फाडून चुलीत घातली. पुढची अर्धी अजून आहे. पाने फाडताना शिवण सैल झाल्यामुळे तीही आता सुटत चालली आहेत.

वामनदादा १५ मे २००४ रोजी नाशकात निवर्तले. २०२२ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली, तेव्हा जागोजागी कार्यक्रम झाले. त्या सुमारास आम्ही वस्तीतील एका आजींकडे गेलो. त्यांनी आयुष्यात एकदाही व्यासपीठ पाहिले नव्हते. लग्न होऊन आल्यानंतर सासरच्या रीतीप्रमाणे त्यांना पुरुषांच्या पुढे येता येत नसे. कार्यक्रम होई तो त्यांच्या घराच्या मागच्या मैदानात, आणि त्या भिंतीला पाठ लावून, मांडीवर पोर घेऊन ऐकत. आम्ही एका संग्रहातील वामनदादांचे छायाचित्र त्यांना दाखविले. त्यांनी ते बराच वेळ डोळ्यांजवळ धरले, आणि हे कोण म्हणून विचारले. आम्ही नाव सांगितले, तेव्हा त्यांनी छायाचित्र बाजूला ठेवून एक गाणे सुरू केले. दुसरे म्हटले, तिसरे म्हटले. चौथ्याचे शेवटचे कडवे त्यांना आठवेना. त्या वेळी पोर रडले होते आणि आपण आत गेलो होतो, असे त्या म्हणाल्या.