मुळांसकट स्थलांतर

घराला नवी खोली जोडावयाची किंवा कुंपणाची भिंत पुन्हां बांधावयाची ठरली, कीं बागेंतील जास्वंद-मोगऱ्याच्या जुन्या झुडपांवर प्रथम कुऱ्हाड पडते. तीं कांहीं काळ काढून ठेवून पुन्हां लावतां येतात, ही विद्या मात्र फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीं पंधराव्या शतकांत इजिप्तच्या हॅट्शेप्सुट राणीनें पुंट देशाहून धूपाचीं झाडें मुळांसकट आणविलीं. दैर अल्-बहरी येथील तिच्या मंदिराच्या भिंतींवर टोपल्यांतून वाहून नेलीं जाणारीं तीं झाडें आजहि पाहावयास मिळतात. आपल्याकडे सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत, झाड हलवितांना मुळापासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध व शेण यांचा लेप द्यावा, असें सांगितलें. लेपाचा गुण काय असेल तो असो. लेप मुळापासून सुरू होतो, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

कारण झाड पाणी पितें तें जाड मुळांनीं नव्हे, तर त्यांच्या टोकांच्या केसांसारख्या तंतूंनीं. खणतांना हेच तंतू तुटतात आणि वर पानें मात्र पाणी उडवीतच राहतात. म्हणून जाणते माळी आधीं काही महिने झुडपाभोंवतीं चर खणून ठेवतात. मग नवे तंतू आंतल्या मातींतच फुटतात आणि गड्डा अखंड उचलतां येतो. उचललेलें झुडूप सावलींत, ओल्या मातींत मुळें झांकून ठेवलें, तर तें भिंत पुरी होईपर्यंत तग धरतें.

या कलेची खरी कसोटी इंग्लंडांत विल्यम बॅरन या स्कॉटिश माळ्यानें पाहिली. १८३० सालीं तो डर्बीशायरमधील एल्व्हास्टन येथें हॅरिंग्टनच्या अर्लच्या नोकरींत आला. रोपें वाढण्याची वाट पाहण्याइतका धीर मालकाला नव्हता. म्हणून बॅरननें दूरदूरचे जुने यू वृक्ष मातीच्या गड्ड्यांसह तेथें आणून लावले.

पुढें १८८० सालीं डोव्हरजवळील बकलंडच्या चर्चची इमारत वाढवावयाची होती, आणि आवारांतला पुरातन यू आड येत होता. वीज पडून त्याचें खोड आधींच दुभंगलेलें. तोडला असता, तर कोणी फारसा दोष दिला नसता. परंतु बॅरनला पाचारण झालें. सत्तरी उलटलेल्या त्या माळ्यानें चहूं बाजूंनीं चर खणून, पन्नास टनांहून अधिक वजनाचा गड्डा वृक्षासह उभाच्या उभा सुमारें साठ फूट सरकविला. घाई केली असती, तर मातीबरोबर मुळेंहि ढासळलीं असतीं; म्हणून तें काम इंचाइंचानें चाललें.

चर्च वाढलें. यू नव्या जागीं रुजला, आणि बकलंडच्या आवारांत तो आजहि हिरवा आहे.