पासपोर्टाऐवजीचा कागद

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जर्मन ज्यू विचारवंत हाना आरेंट यांचे कागद जपून ठेवले आहेत. त्यांत १८ जानेवारी १९४९ चे एक प्रतिज्ञापत्र आहे. मी कोणत्याच देशाची नागरिक नाही, मला पासपोर्ट मिळू शकत नाही, त्याच्याऐवजी हा कागद चालवून घ्यावा, असा त्याचा आशय.

तारीख नीट पाहायला हवी. १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. राष्ट्रीयत्वाचा हक्क प्रत्येकाला आहे, असे त्याचे पंधरावे कलम सांगते. त्यानंतर ३९ दिवसांनी आरेंट शपथेवर लिहून देत होत्या की आपण राष्ट्रीयत्वाविना आहोत.

ही वेळ त्यांच्यावर कशी आली? १९३३ मध्ये बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात ज्यूद्वेषी मजकूर टिपून घेतल्याबद्दल त्यांना अटक झाली. सुटताच आईला घेऊन त्यांनी देश सोडला. पुढे १९४० मध्ये फ्रान्सने त्यांना गुर्सच्या छावणीत कोंडले, ते शत्रुदेशाच्या म्हणून. जिथून जीव वाचवून पळाल्या, त्याच देशाचा शिक्का त्यांच्या माथी मारला गेला! १९४१ मध्ये त्या न्यूयॉर्कला पोचल्या.

पण नागरिकत्वाविषयी त्यांनी पुढे मांडलेला विचार केवळ या हालांतून आला असे म्हणणे मला अपुरे वाटते. हायडेगर आणि यास्पर्स या दोन जर्मन तत्त्वज्ञांकडे त्या शिकल्या होत्या. १९४६ च्या ‘पार्टिझन रिव्ह्यू’मधील लेखात त्यांनी अस्तित्वविचाराची झाडाझडती घेतली आहे. हायडेगरचा माणूस इतरांपासून तुटलेला आहे, ही त्यांची तक्रार. यास्पर्सच्या लेखी माणसाचे अस्तित्व दुसऱ्याशी होणाऱ्या संवादातच उलगडते, आणि आरेंट त्याच बाजूला उभ्या राहतात. १९४९ च्या उन्हाळ्यात ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये त्यांचा मानवी हक्कांवरचा लेख आला. ज्याला समाजात जागाच नाही, ज्याचे म्हणणे कुणी मोजत नाही, त्याला बाकीचे हक्क देऊन उपयोग काय, हा त्याचा गाभा. डिसेंबरात त्याचे जर्मन रूप ‘डी वांडलुंग’मध्ये छापले गेले. या मासिकाच्या संस्थापकांत यास्पर्स होते. संवादाचे तत्त्व इथे नागरिकत्वाच्या प्रश्नाला येऊन भिडले, असे माझे अनुमान आहे, आणि तारखांचा क्रम त्याला धरून आहे.

हाच विचार सर्वंकष सत्तेवरच्या त्यांच्या ग्रंथात आला. ग्रंथ १९५१ च्या सुरुवातीला निघाला. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांना मिळाले ते त्याच वर्षी १० डिसेंबरला, जाहीरनाम्याला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी. ग्रंथ छापून आला तेव्हा त्याची लेखिका कोणत्याच देशाची नागरिक नव्हती.