समोर म्हैस आली, पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी किती पुढे जाते?

गणपतीला गावी निघालात. मुंबई-गोवा महामार्गावर पेणजवळ, रामवाडीच्या टप्प्यात गाडीचा वेग ताशी 60 किलोमीटर आहे. अचानक एक म्हैस रस्त्यावर येते. तुम्ही ‘लगेच’ ब्रेक दाबता. पण हे ‘लगेच’ म्हणजे नेमकं किती?

या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. त्यामुळे डोळ्यांपासून पायापर्यंत निरोप पोहोचायला किती वेळ लागतो, हे समजून घेणं गरजेचं आहे.

निरोप कसा धावतो?

मज्जातंतूतला संदेश विद्युत स्वरूपाचा असतो, पण तो तारेतल्या विजेसारखा वाहत नाही. शांत असताना मज्जापेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत साधारण उणे 70 मिलिव्होल्ट दाब असतो. संदेश आला की पडद्यातली सूक्ष्म दारं उघडतात, सोडियमचे आयन आत शिरतात आणि साधारण एक मिलिसेकंद हा दाब उलटा होतो. त्यामुळे शेजारची दारं उघडतात. रांगेत उभ्या केलेल्या पत्त्यांपैकी एक पडला की पुढचे पडत जातात, तसंच हे.

1850 साली जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून हा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे 27 मीटर भरला. माणसाच्या ज्या तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त थराचं जाड आवरण असतं, त्यांत तो 100 मीटरपर्यंत जातो. आवरण नसलेल्या तंतूंत मात्र जेमतेम एक-दोन मीटर. म्हणूनच पायाला ठेच लागली की आधी धक्का जाणवतो आणि ठणका मागून येतो.

मग वेळ जातो कुठे?

मेंदूपासून पायापर्यंतचं अंतर दीड मीटरच्या आसपास. हा प्रवास सेकंदाच्या काही शतांशांत संपतो. खरा वेळ जातो तो दिसलेलं ओळखण्यात आणि काय करायचं ते ठरवण्यात. दिवा लागताच बटण दाबायचं, इतकं सोपं काम असेल तर साधारण पाव सेकंद पुरतो. रस्त्यावर मात्र म्हैस ओळखायची, ती थांबेल की पुढे येईल याचा अंदाज घ्यायचा, मग पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर न्यायचा.

म्हणूनच इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत रस्त्याची रचना करताना चालकासाठी 2.5 सेकंद धरले जातात. ताशी 60 च्या वेगाने तेवढ्यात गाडी 42 मीटर पुढे गेलेली असते, तीही ब्रेक लागण्याआधी! त्यात ब्रेक लागल्यानंतरचं अंतर मिळवलं की थांबण्यासाठी सुमारे 80 मीटर लागतात.

घरी करून पाहा

मित्राला 30 सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेशी बोटं उघडी ठेवा आणि त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडा. 15 सेंटिमीटरवर पकडलीत तर 0.17 सेकंद लागले, 20 वर पकडलीत तर 0.20. आता गप्पा मारत हाच प्रयोग करा आणि आकडा बदलतो का ते बघा.

लक्षात काय ठेवायचं?

मज्जातंतूंचा वेग आपल्या हातात नाही. लक्ष आणि अंतर मात्र आहे. झोप, दारू आणि मोबाईल मेंदूचा निर्णय लांबवतात. दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं, तर या वेगाने 33 मीटर रस्ता तुम्ही न पाहताच पार केलेला असतो. त्यात पावसाने रस्ता ओला असेल, तर थांबण्याचं अंतर आणखी वाढतं.