पक्षप्रतोद
पक्षप्रतोद : विधिमंडळात आपल्या पक्षाच्या सदस्यांची उपस्थिती, एकजूट व मतदान ह्यांची व्यवस्था पाहणारा पदाधिकारी. त्याने काढलेल्या लेखी सूचनेस पक्षादेश म्हणतात. व्यवहारात दोहोंसाठी ‘व्हिप’ हाच शब्द रूढ आहे. कोल्ह्याच्या शिकारीत भरकटलेल्या कुत्र्यांना चाबकाने एकत्र राखणाऱ्या सेवकाच्या इंग्रजी नावावरून ही संज्ञा आली. एडमंड बर्क ह्यांच्या १७६९ मधील भाषणामुळे ती संसदीय परिभाषेत प्रसिद्ध झाली.

ब्रिटनमध्ये सरकार पक्षाचा मुख्य प्रतोद हा कोषविभागाचा संसदीय सचिव असतो. विरोधी प्रतोदाशी विचारविनिमय करून कामकाजाची आखणी करणे, सदस्यांतील असंतोष नेत्याच्या कानी घालणे आणि त्यांचे मन वळविणे, ही त्याची मुख्य कार्ये होत. विषयाचे महत्त्व सूचनेखालील रेषांवरून कळते. तीन रेषांचा आदेश अनिवार्य समजला जातो. ह्या व्यवस्थापनात एकेका मताला किती मोल असते, हे २८ मार्च १९७९ रोजी दिसले; त्या दिवशी जेम्स कॅलाहॅन ह्यांचे सरकार ३१० विरुद्ध ३११ मतांनी पडले. भारतात १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी ह्यांचे सरकारही एकाच मताने पराभूत झाले.

भारतात लोकसभेतील सरकार पक्षाचा मुख्य प्रतोद संसदीय कार्यमंत्री असतो. प्रतोदांची पहिली अखिल भारतीय परिषद १९५२ मध्ये इंदूर येथे भरली. १९६७ च्या निवडणुकांनंतर पक्षांतरे बोकाळली व अनेक राज्य सरकारे कोसळली. त्यावर उपाय म्हणून १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने संविधानास दहावी अनुसूची जोडण्यात आली. तीत ‘व्हिप’ हा शब्द नाही. तथापि पक्षाच्या निदेशाविरुद्ध मतदान करणारा वा मतदानास अनुपस्थित राहणारा सदस्य, पक्षाने पंधरा दिवसांत क्षमा न केल्यास, अपात्र ठरतो. ब्रिटनमध्ये २०१९ च्या सप्टेंबरात हुजूर पक्षाच्या २१ बंडखोरांना संसदीय पक्षातून काढण्यात आले, पण त्यांचे सदस्यत्व अबाधित राहिले. भारतात मात्र सदस्यत्वच जाते.

अपात्रतेची तरतूद केवळ विश्वासदर्शक व तत्सम प्रस्तावांपुरती असावी, अशी शिफारस दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. तथापि निदेश सरकारवरील विश्वास वा पक्षाचे मूलभूत धोरण एवढ्यापुरताच असावा, असे मत नोंदविले. महाराष्ट्रातील २०२२ च्या सत्तांतरातून प्रतोद कोण नेमणार, हा वाद उद्‌भवला. तो अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, असा निर्णय न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी दिला.

सरकारच्या स्थैर्यासाठी शिस्त आवश्यक असली, तरी प्रत्येक विधेयकावर आदेश निघाल्यास चर्चेने मत बदलण्याची शक्यताच उरत नाही आणि मतदारांचा प्रतिनिधी केवळ पक्षाचा मतधारक होतो. मन वळविण्याची कला दंडाच्या धाकापुढे मागे पडणे, हा ह्या पदाच्या भारतीय इतिहासातील चिंतेचा भाग होय.